रुईची माळ

सांगा वं, माझं काय चुकलं? शहराबाहेर बेसा भागात राहायला गेल्यावर फुलपाखरांसाठी फाटकापाशी रुई लावली. त्याईच्या काही अळ्या रुईशिवाय दुसरं खातच नाहीत, हे मी शिकून आली होती. शनिवारी पाहते तर झाड बोडकं. शेजारच्या काकूंनी मारुतीच्या माळेसाठी सगळी पानं तोडून नेली.

त्याईले विचारलं, "अन् अळ्या?"

"तुझ्या गुलाबावर ठेवल्या ना वं. त्याईले उपाशी काहून मारू?"

गुलाबावर त्या उपाशीच होत्या. मी डब्यात भरल्या, तडक देवळात गेली अन् पुजाऱ्याले सगळं सांगितलं. त्यानं अळ्या पाहिल्या अन् मारुतीच्या गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली.

माझ्यामागं काकूही आल्या होत्या. पुजाऱ्याले म्हणतात, "महाराज, न विचारता दुसऱ्याची माळ कशी देऊन राहिले तुम्ही?"