आयोनीचं पान कुठे मांडायचं

पहारेकरी : इथंच थांबवा गाडी. मागे चादरीत काय गुंडाळलंय?

अ‍ॅन्सेल : माझी बहीण.

पहारेकरी : काका, सकाळी सकाळी थट्टा नको.

थेक्ला : मामा, नीट सांगा ना त्यांना. दगड आहे हो. माझ्या आईच्या थडग्यावर बसवायचा. आत्ताच कारागिराकडून घेतला, दुपारच्या बोटीनं आमच्या कॅरियाकू बेटावर न्यायचाय. त्याआधी तुमचं रिसॉर्ट बघायचं होतं. आतल्या बाईंशी बोलणं झालंय.

पहारेकरी : थडग्याचा दगड घेऊन रिसॉर्ट बघायला?

अ‍ॅन्सेल : तिच्याच जेवणासाठी जागा बघतोय. मग तिनं नको बघायला?

पहारेकरी : कुणाच्या जेवणासाठी?

थेक्ला : आईच्या. आमच्याकडे माणूस गेल्यावर लगेच दगड बसवत नाहीत. वर्ष जातं, कधी जास्तही. मग सगळे परदेशातून येतात, गाव जेवतं, ढोल वाजतात आणि दुसऱ्या दिवशी दगड बसतो. दरवेळी घरच्या अंगणात होतं. आमचं घर तुफानात गेलं, म्हणून इथं ग्रेनाडात जागा बघतोय.

पहारेकरी : मी जन्मापासून ग्रेनाडाचा, पण तुम्हा कॅरियाकूवाल्यांचं मला कधी कळलं नाही. जा आत. त्या बदामाखाली लावा, उन्हात नको.

अ‍ॅन्सेल : बघ. पोराला कळतं. तिला ऊन लागेल म्हणाला.

थेक्ला : गाडीला म्हणाला तो, मामा.

*

अ‍ॅन्सेल : बस. दार ओढून घे, नीट लागत नाही ते.

थेक्ला : चांगलं आहे. समोर समुद्र, मोठा हॉल, स्वच्छ. ब्रुकलिनच्या मंडळींना थंड खोल्या, गरम पाणी. लेनॉक्स म्हणालाच होता, ताई, न्हाणीघर चांगलं बघ, बाकी तुला पसंत ते मला पसंत. फक्त संध्याकाळपर्यंत नाव कळव.

अ‍ॅन्सेल : लेनॉक्सला म्हणावं, ब्रुकलिनला जायच्या आधी तू टाकीवर उघडा बसून आंघोळ करायचास आणि डोळ्यात साबण गेला की आयोनीच्या नावानं बोंबलायचास.

थेक्ला : म्हणेन. तुम्हाला काय खटकलं ते बोला.

अ‍ॅन्सेल : कुठं काय?

थेक्ला : खिडक्यांपाशी जाऊन खटपट करत होतात. ती बाई मला विचारत होती, काकांना गुदमरतंय का.

अ‍ॅन्सेल : एकही उघडत नाही. आतली थंड हवा बाहेर जाते म्हणे, म्हणून कायमच्या बंद. आणि दाराला कुलूप नाही, ते कार्ड दाखवायचं. आता आयोनी आपल्या पानावर जेवायला येणार ती काय कार्ड घेऊन येणार?

थेक्ला : मामा.

अ‍ॅन्सेल : नाही, मी आपलं विचारतोय. सांभाळ गं आयोनी, वळण आहे.

थेक्ला : पट्ट्यानं बांधलाय दगड. हलणार नाही.

अ‍ॅन्सेल : पट्टा तर तुलाही बांधलाय. तुला सांगत नाही का मी?

*

थेक्ला : या दुसऱ्या ठिकाणच्या बाईसमोर बाटली काढायची काय गरज होती?

अ‍ॅन्सेल : जागा बघायची म्हणजे काय करायचं? आधी थोडं पाणी, मग थोडी रम. जमीन ओली केल्याशिवाय कुणाला बोलावता येतं का?

थेक्ला : जमीन नव्हती ती. इटलीहून आणलेली फरशी होती. तिनंच सांगितलं.

अ‍ॅन्सेल : तेच तर! पिईचना. जिथं ओतली तिथं पसरून माझ्याकडे बघत राहिली. एवढी चांगली रम. तेवढ्यात ती झाडूपोछावाली मुलगी धावत आली, पुसून घेतलं आणि वर पिवळी पाटी ठेवून गेली. काय लिहिलं होतं गं पाटीवर? माझा चष्मा गाडीत होता.

थेक्ला : जमीन ओली आहे.

अ‍ॅन्सेल : घ्या! म्हणजे त्यांनीही मान्य केलं.

थेक्ला : हसवू नका मला. मी रागावलेय.

अ‍ॅन्सेल : आयोनी असती तर तिथंच फतकल मारून हसली असती.

थेक्ला : हो. आणि वर त्या मुलीला विचारलं असतं, कुणाची तू, आई काय करते, जेवलीस का.

अ‍ॅन्सेल : मी तिकडे फरशी बघत होतो तेव्हा तुला काय म्हणाली ती बाई?

थेक्ला : मी सगळं समजावलं. म्हटलं, आईच्या नावाचं पान मांडायचं. घोटून वळलेला भात, मक्याचा गोळा, तुरीचे दाणे, बोकडाचं मटण, मासा, तिला आवडायचं ते सगळं. वेगळ्या खोलीत, मेणबत्ती लावून. रात्रभर त्याला कुणी शिवायचं नाही. सकाळी ते पोरांनी खायचं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, कल्पना फार सुंदर आहे, पण रात्री दहाला आमची माणसं सगळी टेबलं आवरतात, मुंग्या होतात. फार तर पानावर जाळीचं झाकण ठेवू.

अ‍ॅन्सेल : माणसाला जेवायला बोलवायचं आणि ताटावर झाकण घालायचं.

थेक्ला : तिनं चांगल्या मनानंच सुचवलं हो.

अ‍ॅन्सेल : मन चांगलंच आहे तिचं. फरशी वाईट. पुढे वळण आहे गं आयोनी. धर.

*

थेक्ला : आता या तिसऱ्या जागेचं बोला. हिच्यात काय खोट काढणार?

अ‍ॅन्सेल : काही नाही. छान आहे.

थेक्ला : वाळूत आपली चूल मांडा म्हणाली मालकीण, आपली कढई आणा. ढोल उजाडेपर्यंत वाजले तरी चालतील. पानासाठी किनाऱ्यालगतची ती छोटी खोली देते, किल्ली स्वतःपाशी ठेवते. तिची सासू आपल्याकडची, विंडवर्ड गावची. तिला काही समजवावंच लागलं नाही. खिडकीही तुम्ही उघडून पाहिलीत.

अ‍ॅन्सेल : पाहिली. उघडते.

थेक्ला : वाळूनं रम प्यायली.

अ‍ॅन्सेल : प्यायली.

थेक्ला : मग ठरलं ना? लेनॉक्सला कळवते.

अ‍ॅन्सेल : कळव की.

थेक्ला : मामा, मघापासून दोन वळणं गेली. आईला सांगितलं नाहीत.

अ‍ॅन्सेल : राहिलं. विचारात होतो.

थेक्ला : कसल्या?

अ‍ॅन्सेल : तिला इथला पत्ता कसा सांगावा याच्या. परवा स्वप्नात आली होती. अंगणातच उभी होती, डोक्याला तो निळा फडका. म्हणाली, अ‍ॅन्सेल, भूक लागली रे, थेक्लानं चूल कुठे मांडलीय? मी म्हटलं, अजून ठरायचंय. तर म्हणाली, बरं, मी बसते इथं.

थेक्ला : हे आज सांगताय?

अ‍ॅन्सेल : तुझं जागा बघणं चाललं होतं. म्हटलं, आधी बघून होऊ दे. मधेच सांगितलं असतं तर मी तुझा हात धरल्यासारखं झालं असतं. आई तुझी आहे. कुठं जेवायला घालायचं ते तू ठरवायचंस.

थेक्ला : तुमच्याकडे येते. लेनॉक्सकडे ब्रुकलिनला आली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना. शेजारच्या व्हीडाबाईंनासुद्धा येऊन लोणच्याची बरणी कुठे आहे विचारून गेली. माझ्याकडे नाही आली. एकदाही नाही. शेवटी इथं ग्रेनाडात माझ्या घरी होती ती, मामा. मी भरवत होते.

अ‍ॅन्सेल : म्हणूनच येत नसेल.

थेक्ला : म्हणजे?

अ‍ॅन्सेल : अगं, गेलेली माणसं स्वप्नात येतात ती कशाला? मागायला. भूक लागली, तहान लागली, माझं अमुक राहिलं, तमुक राहिलं. ज्यानं वाढलं नाही त्याच्या दारात येतात. मी तिच्या आजारपणात इनमीन दोनदा आलो, तेही बोटीची वेळ बघत. लेनॉक्स आला तो पेटी बंद झाल्यावर. आमच्याकडे येणारच ती. तुझ्याकडे मागायचं काही उरलं नसेल पोरी.

(थेक्ला पिशवीत रुमाल शोधू लागते.)

अ‍ॅन्सेल : रुमाल त्या कप्प्यात आहे. ऑइलचा वास येईल, पण धुतलेला आहे.

थेक्ला : नको. आहे माझ्याकडे. गाडी जरा बाजूला घ्या.

(गाडी थांबते.)

थेक्ला : मातीच्या दिवशी मी बोटीतून उतरले ती थेट थडग्यापाशी गेले. घराकडे मान वळवली नाही. तुफानानंतर मी ते पाहिलेलंच नाही.

अ‍ॅन्सेल : माहीत आहे. तुझ्या शेजारीच चालत होतो मी.

थेक्ला : आई सारखी विचारायची, घराचं काय झालं. मी म्हणायचे, बघू, तू आधी बरी हो. मलाच ठाऊक नव्हतं तर काय सांगणार? तुम्हीही कधी बोलला नाहीत.

अ‍ॅन्सेल : तू कधी विचारलं नाहीस.

थेक्ला : आता विचारते.

अ‍ॅन्सेल : छप्पर नाही. पत्रे पार खालच्या आळीत सापडले, दुसऱ्याच्या बोकडांवर आता त्यांची सावली आहे. ओटा अर्धा गेला. पाण्याची टाकी शाबूत. चुलीचे तिन्ही दगड होते तिथंच आहेत, काळेकुट्ट. नीरफणस आडवा झाला होता, पण बुंध्यातून फुटलाय. खांद्याला लागतो माझ्या. अंगण मी झाडून घेतो अधूनमधून, म्हटलं रान माजायला नको.

थेक्ला : आणि तिची खोली?

अ‍ॅन्सेल : भिंती चारही उभ्या आहेत.

थेक्ला : खिडकी उघडते?

अ‍ॅन्सेल : बंदच होत नाही.

थेक्ला : हसायला लावू नका म्हटलं ना मी.

अ‍ॅन्सेल : खरं तेच सांगतोय. झडपच राहिली नाही तिला.

थेक्ला : लेनॉक्सला काय सांगू?

अ‍ॅन्सेल : सांग, चौथं एक ठिकाण सापडलं. समुद्र दिसतो, हवा मोकळी, फरशी नाही. छप्पर ताडपत्रीचं, पण त्या दिवसापुरतं काय करायचंय पक्कं छप्पर? खाटा, टेबलं गावातून येतील. आणि या तिसऱ्या बाईला अगदीच नाही म्हणू नकोस. विमानातून उतरलेल्यांना बोटीपर्यंत एक रात्र काढायची असतेच. तिच्याकडे गरम पाण्यानं न्हातील, दुसऱ्या दिवशी येतील की आपल्या टाकीवर.

थेक्ला : दगड आज तुमच्या घरी ठेवायचा ठरलं होतं.

अ‍ॅन्सेल : हो. कोपरा रिकामा करून ठेवलाय.

थेक्ला : तिच्याच खोलीत ठेवूया. बसवायच्या दिवसापर्यंत. दगडाला पावसाचं काय.

अ‍ॅन्सेल : आणि तू?

थेक्ला : मी आज परत फिरत नाही. माझ्या शाळेत उद्या रजेचा फोन करते. मला बघू दे एकदा. बाटलीत उरलीय ना थोडी?

अ‍ॅन्सेल : पुरेल एवढी आहे. मग काय, बंदराकडे घेऊ? इथूनच वळावं लागेल.

थेक्ला : घ्या. थांबा, मामा, मी सांगते. आई, सांभाळून बस हं. वळण आहे.