बुरशीला विभाग नाही

...आणि 'कॉलेज सोडलं' असं म्हणू नका हो माझ्याबद्दल! सोडायला ते आधी धरलेलं असावं लागतं. माझी काकू सगळ्यांना सांगत फिरते, "झेपलं नाही त्याला, डोकं मंदच, बापावर गेलाय." अहो, झेपायला कोणी काही हातात तर द्या! मी नुसतं नाव नोंदवायला गेलो होतो. जीवशास्त्राचे चार विषय निवडायचे, कॉम्प्युटरवर टिचकी मारायची आणि घरी यायचं. तीन मारल्या. पेशी झाल्या, आनुवंशिकता झाली, पाण्यातले जीव झाले. चौथा विषय मला हवा होता... बुरशी.

हसा. हसून घ्या. माझे वडीलही हसले होते. वडील विमा विकतात, म्हणजे माणूस मरेल की नाही यावर त्यांचं घर चालतं, आणि ते मला म्हणतात, "बुरशी शिकायची असते का? ती पुसायची असते!" आता तुम्हाला सांगतो, लहानपणी आमच्या न्हाणीघराच्या दाराला खालून एक केशरी कान फुटला होता. खरोखर कानासारखा, पातळ, थंडगार. आईने खरवडला, परत आला. फिनेल ओतलं, परत आला. एवढी चिकाटी आमच्या घरात दुसऱ्या कोणात मी बघितलेली नाही. तेव्हापासून डोक्यात तेच. आणि हा विषय शिकवणारं हे एकच कॉलेज, म्हणून तर इथे आलो! वडील म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत नाव लागलं तर शीक. नाही लागलं तर उद्यापासून माझी बॅग उचल आणि चल विमे विकायला."

तर माहितीपुस्तकात विषय आहे. शिकवणाऱ्या सरांची खोली दिलीये. कॉम्प्युटरवर मात्र विचारतात, आधी विभाग निवडा. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव. मी वनस्पती उघडलं, बुरशी नाही. प्राणी उघडलं, नाही. सूक्ष्मजीव, नाही! खिडकीतली बाई म्हणाली, "विभागप्रमुखांना भेट. त्यांनी हो म्हटलं की मी इथून घालते. पण आज संध्याकाळी खिडकी बंद, आणि चार विषय झाले नाहीत तर नाव आपोआप उडतं."

गेलो वनस्पतीवाल्या प्रमुखांकडे. टेबलावर कुंडी. कुंडीत प्लॅस्टिकचं झाड! मी हात लावून बघितला हो, विश्वासच बसेना. ते म्हणतात, "बुरशीला पानं आहेत? उन्हात अन्न तयार करते? नाही ना? मग ती वनस्पती कशी? तुम्ही हल्लीची मुलं साधं वाचून येत नाही."
म्हटलं, "बरोबर आहे सर, पण मग विषय आहे कुठे?"
"ते मी कसं सांगणार? मी वनस्पतींचा आहे."
प्लॅस्टिकच्या!! आणि ही माणसं जीवशास्त्र शिकवतात, बरं का!

बाहेर त्यांचा कारकून बसला होता. त्याने ऐकलं असणार. म्हणाला, "अरे, ते पावसात उगवणाऱ्या छत्र्यांचंच ना? कुत्र्याच्या छत्र्या? मग सोपं आहे की. कुत्रा म्हणजे प्राणिशास्त्र! वरचा मजला." मी हसलो. तो हसला नाही. मी आणखी थोडा वेळ हसत राहिलो, म्हटलं आता हसेल, मग हसेल... नाही! तो मनापासून बोलत होता! त्याने वर फोनसुद्धा केला, "एक कुत्र्याचं प्रकरण पाठवतोय" म्हणून.

वर प्राणिशास्त्राच्या मॅडम. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज छताला. "नावात कुत्रा आहे म्हणून प्राणी? उद्या मांजरपाट घेऊन याल! परवा घोडचूक घेऊन याल!"
मी म्हटलं, "मॅडम, कुत्र्याचं सोडा, पण शास्त्राप्रमाणे बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांनाच जवळची आहे."
मॅडम म्हणाल्या, "जवळची असेल. नात्यातली नाही."
 निघालो तिथून. आणि ही माणसं जीवशास्त्र शिकवतात, बरं का!

मग सूक्ष्मजीव. ते सर जेवत होते. बुरशीचं विचारलं. मान वर न करता, "डोळ्यांना दिसते?"
"हो सर."
"मग आमची नाही. आमच्याकडे न दिसणारंच चालतं."
आणि त्यांच्या हातातल्या पावावर, आईशप्पथ सांगतो, हा एवढा हिरवा ठिपका! म्हटलं, "सर, पावाला..."
"काय पावाला?"
"काही नाही."
खाल्ला त्यांनी. बघितला, आणि खाल्ला!

शेवटी म्हटलं, मरो हे सगळे, थेट बुरशीवाल्या सरांकडेच जाऊ. तळघरात, पंपाच्या खोलीशेजारी. दार ढकललं आणि... काय सांगू! भिंतभर बरण्या, प्रत्येकीत बुरशी. पिवळी, जांभळी, जाळीदार, केसाळ, एक तर अगदी आमच्या न्हाणीघरातल्या कानासारखी! मधोमध सर, चहा पीत. मला बघून दचकलेच. "कोण पाहिजे?"
"सर, मी विद्यार्थी."
"कोणाचा?"
"तुमचा. म्हणजे व्हायचंय."
त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "माझ्याकडे विद्यार्थी नसतात."
"गेल्या वर्षी?"
"कधीच नाही. मी इमारत दुरुस्ती खात्यात आहे."

मग सरांनीच सगळं सांगितलं. कॉलेजला कधीकाळी यांना ठेवायचं होतं, कुठल्याच विभागात बसेनात, मग कोणीतरी डोकं चालवलं. बुरशी कुठे येते? भिंतीवर. भिंत कोणाची? इमारतीची. टाका तिकडे! प्लंबर, गवंडी, सुतार आणि बुरशीचे प्राध्यापक, एका ओळीत पगार! मला वाटलं हा माणूस आता रडेल, चिडेल, म्हणेल चल पोरा, आपण दोघं मिळून भांडू. मी तयार होतो हो! बाह्या वर केल्या होत्या!

"सर, तुम्ही फक्त सही द्या, की हा विषय आहे आणि तुम्ही शिकवता. वर बाई थांबल्या आहेत."
"सही? वेडा आहेस का? सही केली की त्यांच्या लक्षात येईल, मी आहे म्हणून."
"पण सर, माझं नाव उडेल. मी फक्त तुमच्या विषयासाठी इथे आलोय."
त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं, विरघळले. म्हणाले, "आवड चांगली आहे. जोपास. आणि जाताना दार लावून घे, बाहेरची हवा बरण्यांना चालत नाही."

आणि ही माणसं... नाही, हे तर शिकवतही नाहीत!

संध्याकाळी खिडकी बंद. नाव उडालं. घरी आलो, वडलांना सगळं सांगितलं. प्लॅस्टिकच्या झाडापासून बरण्यांपर्यंत, ओरडत. म्हटलं निदान बाप तरी हादरेल. ते शांतपणे ऐकत होते. मग डोळे बारीक केले.
"म्हणजे मुलं नाहीत?"
"नाहीत."
"पेपर तपासणं नाही?"
"नाही."
"आणि पगार वेळेवर?"
"हो, पण बाबा..."
"अरे गाढवा! मग ती नोकरी कशी मिळते ते विचारून आलास का?"

अहो, गेलो हो मी दुसऱ्या दिवशी. निमूटपणे गेलो. दुरुस्ती खात्याचा साहेब चांगला माणूस, खुर्ची दिली बसायला. म्हणाला, "सर निवृत्त झाले की जागा निघेल. तू जरूर अर्ज कर. फक्त त्यासाठी तो विषय घेऊन पास झालेला असावा लागतो."