कपाटाखालचा रोबोट

तार्तू शहराच्या वाचनालयात लहानग्यांची रोबोट-कार्यशाळा नुकतीच सुटली होती. दाराशी बुटांच्या रांगेजवळ हेल्यूआजी नातीची वाट बघत उभी होती. शेजारी शिक्षिका दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांशी बोलत होती.

"तुमच्या केर्तुनं आज कमालच केली! आयुष्यातला पहिला रोबोट, आणि मोठा आवाज झाला की थेट कपाटाखाली पळतो."

"वा! बापावर गेलीय पोरगी."

"तुमच्याकडे मांजर आहे ना?"

"छे! कशाला ते लचांड?"

"मग गं केर्तु, ही नक्कल कुणाची?"

"माझी."

"काय म्हणालीस?" वडील कडाडले.

केर्तुच्या पायाशी उभा असलेला रोबोट सुर्रकन कपाटाखाली गेला. हेल्यूआजीच्या हातातली लोकरी टोपी गळून पडली.

"असू दे, बाबा," केर्तु म्हणाली. "तुम्ही झोपलात की येतो तो बाहेर."