अण्णांनी बर्फ धुतला

लेकीच्या शाळेत ख्रिसमस ट्री सजवायची स्पर्धा होती. बर्फ लावलेलं तयार झाड परवडेना, म्हणून मी घरातल्याच प्लास्टिकच्या झाडाला फाटक्या उशीतला कापूस डिंकानं चिकटवला आणि वाळायला गच्चीवर ठेवलं. मंद्रूपहून माझे सासरे, अण्णा, आले होते. त्यांची डाळिंबाची बाग आहे. तासाभरानं मी वर गेले, तर झाड ओलंचिंब, खाली साबणाचा फेस, कापूस साफ!

हातातला फवारा खाली ठेवत अण्णा म्हणाले, "कीड लागली होती झाडाला, पांढरा पिठ्या ढेकूण लई पडला होता की, पोरी. सगळा धुवून काढला."

"अण्णा, तो बर्फ होता. झाड प्लास्टिकचं आहे."

त्यांनी एक पान चिमटीत धरून पाहिलं. "व्हय की! तरीच म्हनलं, एवढी कीड पडूनबी एक पान कसं गळंना!"