मधाच्या रंगाचं कमळ

विजयमाला : आणखी वर, बाबा! दिवा माणसानं मान उचलून पाहिला पायजे.

गोपाळराव : विजू, मी खाटेवर उभा हाव, झाडावर नाई. अन् मातीच्या भितीत लाकडाचा गट्टू कुठंही ठोकला तं भितच खाली येते. इथंच धरते पकड.

विजयमाला : बरं, इथंच. पण थोडा तिरपा करा ना! म्हणजे उजेड हातमागावर असा... सांडल.

गोपाळराव : उजेड का दूध हाये, सांडाले?

विजयमाला : मध हाये! काच तं पाहा. साकोलीच्या दुकानात मी उगाच नाई अडून बसली. तुमी त्या गुलाबी फुलवाल्यावर बोट ठेवून बसले होते.

गोपाळराव : गुलाबी चांगला होता. लगनघरासारखा.

विजयमाला : म्हणूनच तं नोको! हा पाहा, अर्धं कमळ. भितीतूनच उगवल्यावाणी. मी वर्गात सांगून टाकलं, आमच्या भितीले कमळ येणार हाये.

गोपाळराव : लावाच्या आधीच सांगून मोकळी! दाब बटन आता. इश्वर वायरमननं जोडून देल्लं हाये, भेऊ नोको.

विजयमाला : ...बाबा!

गोपाळराव : हं.

विजयमाला : बाबा, आपण तलावाच्या तळाशी बसलो हाओ. अन् वरून ऊन झिरपून राहिलं. माग पाहा, कसा पाण्यात उभा हाये!

गोपाळराव : बस मंग तळाशी अन् सुताच्या कांड्या भर. तुही आई मामाच्या घरून परवा येईन, अन् गोदावरीबाई उद्याच आपलं पांढरं लुगडं न्याले येते. थोडंच विणाचं राहिलं.

विजयमाला : या उजेडात मी शंभर कांड्या भरीन, मलेच समजणार नाई!

(दुसऱ्या दिवशी दुपारी, मागाजवळ. गोदावरीबाई लाखांदूरच्या मोटारीतून उतरून नुकतीच आली आहे.)

गोपाळराव : बाई, तुमच्यापुढे उभं राहाले तोंड नाई माहं.

गोदावरीबाई : काहून गा, गोपाळभाऊ? लुगडं झालं नाई?

गोपाळराव : झालं. पण हे पाहा. वीतभर.

गोदावरीबाई : हे... पिवळं होय?

गोपाळराव : हळदी सूत. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं. काल दिवेलागणीले पोरीनं कांडी भरली, मी धोट्यात घातली. या दिव्याखाली पांढरं अन् हळदी एकच दिसते. सकाळी दार उघडलं तवा समजलं. तीस वर्सांत अशी भूल नाई झाली.

विजयमाला : चूक माही हाये, मावशी. दोन्ही लडी शेजारी-शेजारी होत्या. मले साऱ्याच सारख्या सुंदर दिसून राहिल्या होत्या.

गोपाळराव : तुमचे मालक गोमाजी गेले तवापासून तुमी पांढऱ्याशिवाय नेसल्या नाई, सारं गाव जाणते. बावीस वर्सं. अन् मी तुमच्या लुगड्यात हळद घातली! उसवतो तेवढं. परवा मीच आणून देईन. अन् हा दिवा आत्ता काढतो. विजू, पेचकस आण.

विजयमाला : नोको ना, बाबा! मी उजेडीच भरीन कांड्या. शाळेतून आल्याआल्या, दप्तर टाकून, देवाशप्पथ!

गोपाळराव : पेचकस आण म्हणतो.

गोदावरीबाई : थांब गा जरासा. कोणता दिवा? हा, कमळावाणी?

विजयमाला : हो, मावशी! मी निवडला.

गोदावरीबाई : लाव बरं.

विजयमाला : भरदुपारी?

गोदावरीबाई : खिडकी लोट. लाव.

विजयमाला : ...आता पाहा. दिसते का पट्टा?

गोदावरीबाई : नाई दिसत.

विजयमाला : सारं एक होते त्यात! अन् मावशी, तुमचा पदर पाहा! तुमचा पदर बी—

गोपाळराव : विजू! गप.

गोदावरीबाई : बोलू दे तिले. पाहून राहिली मी.

विजयमाला : हात काहून असा समोर धरला, मावशी? दुखते का?

गोदावरीबाई : नाई वो. बोटं पाहून राहिली. लगनाच्या आधल्या दिवशी अशीच झाली होती. दोन दिवस धुतली तरी हळद जात नव्हती.

गोपाळराव : ...मी उसवतो, बाई. धागाही राहणार नाई.

गोदावरीबाई : उसव, भाऊ. चार लोकांत नेसा लागते.

विजयमाला : बाबा... पेचकस आणू?

गोपाळराव : चहा मांड.

गोदावरीबाई : हळूहळू मांड, पोरी. दिवा राहू दे लावलेला. माही मोटार साडेचारची हाये.