शेपटातला अँटेना

मी अड्याळले डिश बसवतो, हे तुम्हाले माहीतच आहे. पण मागच्या महिन्यात माझ्या आसगावच्या मामानं मले चक्क ग्लायडरमध्ये अँटेना बसवाले बोलावलं. मामा वायुदलातून रिटायर झालेले. दोन वर्षांपासून ते शेडमध्ये हे बिनइंजिनाचं विमान बनवून राहिले.

अँटेना शेपटात बसवला, तिथून पुढच्या रेडिओपर्यंत केबल ओढली. मामानं लगेच शेपूट चिकटवून बंद केलं. मग मामीच्या हाती दुसरा रेडिओ देऊन तिले बांधावर उभं केलं. ती तिकडून बोलून राहिली, अन् इकडे नुसती खरखर.

"आता शेपूट कापा लागते का?" मामाचा चेहरा उतरला.

"थांबा मामा, आधी हे टोक पाहू द्या."

रेडिओकडचं कनेक्टर उघडलं. केबलच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याच्या तारेले चिकटून शॉर्ट झाली होती. चूक माझीच. ती छाटली, कनेक्टर परत लावलं, अन् मामीचा आवाज खणखणीत आला, "...हे दोघं आभाळात जाऊन राहिले, अन् माझा टीव्ही आठ दिवसांपासून बंद आहे! त्याले काहून नाही हात लावत?"

मामानं बटन दाबलं. "आवाज एकदम साफ आहे. भाचा छतावर चढून राहिला."