व्याह्यांसमोरचा डाव

एसटी साताऱ्याहून निघाली. संयोगिताच्या मागच्या सीटवर दोघं बुद्धिबळ लीगच्या फायनलबद्दल तावातावानं बोलत होते.

"माझा वजीर जादा होता, गड्या! आन् कॅप्टन कानात म्हणतो, बरोबरी घे!"

"कोण, तात्या?"

"व्हय. त्या अर्ध्या गुणापायी कप पलूसला गेला."

"याड लागलं का काय त्यांना?"

"तेच इचारलं. म्हणले, तुज्यासमोर माझे व्याही बसल्यात. माझी लेक त्यांच्यात नांदतीया."

तात्या म्हणजे संयोगिताचे वडील. तिनं शेजारी पाहिलं. मांडीवर कप घेतलेले सासरे टक्क डोळे उघडून ऐकत होते.

"आबा..."

"पुढच्या स्टँडला उतर, पोरी. परत साताऱ्याला जायचं. तुज्या बापाला म्हणावं, पट मांडा."